रनिंग-इन आणि तेल पिणारं नवं इंजिन : पार्श्वभूमी

नवी गाडी पहिले हजार किलोमीटर कशी चालवावी, म्हणजेच इंजिनाचे भाग एकमेकांना बसेपर्यंतचं ‘रनिंग-इन’ कसं करावं, हा वाद जुनाच. अलीकडे त्याला एक जोड मिळाली आहे. गाडी तेल पिते, म्हणजे इंजिन ऑइल जाळून संपवते, अशी तक्रार घेऊन मालक वर्कशॉपला गेला, की आधी त्यालाच विचारलं जातं, ‘रनिंग-इन नीट केलं होतं का?’ हा प्रश्न ज्या इंजिनांच्या काळातला आहे, ती इंजिनं आता जवळपास कोणी बनवत नाही.

अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी या गाड्यांत सिलिंडरची भिंत बिडाची, तिच्यावरचं होनिंग (तेल धरण्यासाठी कोरलेल्या बारीक तिरक्या रेघा) खडबडीत आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा जाड, ताठ असत. रिंग आणि भिंत एकमेकींना बसवण्याचं उरलेलं काम गिऱ्हाईकच रस्त्यावर करी. म्हणून टॉप गिअरलाही ताशी ४०-५० किलोमीटरची मर्यादा, मागच्या काचेवर ‘रनिंग इन’चा कागद आणि पहिल्या हजारभर किलोमीटरलाच तेलबदल. काढलेल्या तेलात धातूची बारीक चमक दिसे. रीबोअर करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर रुंद करून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकलेल्या टॅक्सीलाही हेच सोपस्कार करावे लागत. तेल खाणं ही तेव्हा तक्रार नव्हतीच. पेट्रोल भरताना डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची, डिकीत तेलाचा डबा ठेवायचा आणि निळा धूर फारच वाढला की रिंगा टाकायच्या.

हळू चालवण्याचा हा सल्ला तेव्हाही पुरता बरोबर नव्हता. जळत्या वायूचा दाब वरच्या, म्हणजे कॉम्प्रेशन रिंगच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. ॲक्सिलरेटरला घाबरतच पाय लावला तर दाब अपुरा पडतो, रिंग बसत नाही. मग जळक्या तेलाचा थर होनिंगच्या तिरक्या रेघांत भरतो, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि तेल वर चढत राहतं. विमानांच्या पिस्टन इंजिनवाल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. तिथे नवं इंजिन साध्या मिनरल तेलावर, साधारण ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालवतात आणि तेलाचा खप स्थिरावला की रनिंग-इन झालं असं धरतात. मोटारींच्या पुस्तिकांची भाषाही पुढे बदलली. ‘ताशी इतकेच किलोमीटर’ जाऊन ‘वेग बदलता ठेवा, फुल थ्रॉटल देऊ नका’ असं आलं. एका युरोपीय घराण्याच्या पुस्तिका पहिले १,००० किलोमीटर कमाल आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दोन-तृतीयांशापर्यंतच जा, पुढच्या ५०० किलोमीटरमध्ये हळूहळू वाढवा, असं सांगतात. एक्सप्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावून एकाच वेगात हे किलोमीटर उरकणं मात्र हळू चालवा म्हणणाऱ्या आणि जोर लावा म्हणणाऱ्या, दोन्ही पंथांना नामंजूर आहे.

दरम्यान कारखान्यांनी प्लॅटो होनिंग आणलं. भिंतीवरचे उंचवटे तिथेच घासून काढायचे आणि तेल धरणाऱ्या खोल रेघा तेवढ्या ठेवायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वाट्याचं घासकाम बरंच कमी झालं. मिनरल तेलाची जागा सिंथेटिकने घेतली. त्यामागोमाग हजार किलोमीटरचा तेलबदलही गेला. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत आता १,००० आणि ५,००० किलोमीटरला नुसती तपासणी होते, तेल बदलतं ते १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने. हौशी मालक अजूनही स्वतःच्या खर्चाने पहिलं तेल लवकर काढतात. त्याने बिघडत काही नाही.

खरा वाद आहे तो ‘मर्यादेतला खप’ या शब्दांवर. वॉरंटीच्या दृष्टीने जास्त म्हणजे किती? त्याच युरोपीय घराण्याच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो. अमेरिकेत एका जपानी कंपनीने २.४ लिटरच्या इंजिनासाठी १,२०० मैलांना एक क्वार्ट (लिटरपेक्षा जरा कमी) ही रेषा धरली होती. हिशेब केला तर तीही जवळजवळ तेवढीच येते. आता हाच आकडा आपल्या सर्व्हिसच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावा. लहान-मध्यम पेट्रोल इंजिनात साडेतीन-चार लिटर तेल मावतं. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे १०,००० किलोमीटरला पाच लिटर. पहिला तेलबदल होण्याआधी इंजिनात असलेलं सगळं तेल जळून वर आणखी लिटरभर गेलं, तरी गाडी कागदोपत्री निरोगी! डिपस्टिकच्या दोन खुणांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे ‘मर्यादेत’ तेल पिणारी गाडी २,००० किलोमीटरला खालच्या खुणेवर येते आणि पुढची तपासणी ५,००० किलोमीटरला असते. मधल्या काळात बोनेट उघडायची सवय आता किती जणांना आहे? दोन्ही आकडे एकाच वेळी प्रामाणिक असू शकत नाहीत. अर्ध्या लिटरची रेषा मालकाच्या सोयीची नाही, वॉरंटी विभागाच्या सोयीची आहे.

त्या २.४ लिटर इंजिनाचं प्रकरण इथे बोलकं आहे. दोष मालकांच्या चालवण्यात नव्हता, पिस्टन आणि रिंगांत होता. भिंतीवरून ऑइल रिंगने (सर्वांत खालच्या रिंगने) खरवडलेलं तेल खाली परत नेणारी भोकं कार्बनने बुजत. कंपनीने शेवटी वॉरंटी वाढवली आणि सुधारित पिस्टन-रिंगा बसवून दिल्या. पण त्याआधी मालकाला परीक्षा द्यावी लागे : तेल भरून पातळी नोंदवायची, १,२०० मैल चालवून गाडी परत आणायची आणि मग मोजायचं. जर्मनीच्या एका टर्बो पेट्रोल इंजिनावरही अशाच तक्रारींवरून अमेरिकेत सामूहिक दावे झाले.

मुळाशी होती इंधन वाचवण्याची घाई. रिंगांचं घर्षण कमी व्हावं म्हणून त्यांचा ताण घटवला गेला आणि तेल २०डब्ल्यू-४० वरून ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० इतकं पातळ झालं. मायलेज वाढलं, पण भिंतीवरचं तेल खरवडण्यात चुकायला जागा कमी उरली. तेल जळणं आता नुसतं खिशावर येत नाही. त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) निकामी करतो आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत तो भाग स्वस्त नाही. डिझेलमध्ये उलटाच घोळ होतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ करताना जादा डिझेल तेलात उतरतं, पातळी वाढते आणि खप असला तरी डिपस्टिकवर दिसत नाही.

२०२२ पासून मध्यम किमतीच्या स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर नुसत्या विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या) गाड्या आपल्याकडे रुळल्या. शहरात त्यांचं इंजिन बराच वेळ बंदच असतं. ओडोमीटरवर १,००० किलोमीटर दिसले, तरी त्यातले किती इंजिनाने ओढले हे त्या आकड्यावरून कळत नाही. पुस्तिकांत रनिंग-इन मात्र अजून किलोमीटरमध्येच मोजलं जातं.