दंतविकास संशोधन

दात गर्भावस्थेत कसे घडतात, त्यांची संख्या, आकार व उगवण्याचा क्रम कशाने ठरतो, याचा शोध घेणारी दंतवैद्यकाची शाखा. माणसात गर्भाच्या सुमारे सहाव्या आठवड्यात जबड्याच्या कडेने एपिथेलियमची (पृष्ठभागावरच्या पेशीथराची) पट्टी जाड होते. तिच्यापासून कळी, टोपी व घंटा या अवस्थांतून दंतांकुर वाढतो.

महाराष्ट्रातील बहुतेक दंत महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला (स्थापना १९९८) संलग्न आहेत. बी.डी.एस. या पदवीची ४ वर्षे, १ वर्ष आंतरवासिता, एम.डी.एस. या पदव्युत्तर पदवीची ३ वर्षे आणि पुढे पीएच.डी. अशी ही वाट आहे. एम.डी.एस.ला ओरल पॅथॉलॉजी (मुखरोगशास्त्र) घेणारे या विषयाकडे अधिक वळतात.

दात घडवण्याची पहिली चालना एपिथेलियमची की त्याखालच्या मेसेंकाइम या भ्रूण-ऊतीची, हा जुना वाद. कॉलर व बेर्ड यांनी १९७० मध्ये उंदराच्या भ्रूणातील दाढेचे मेसेंकाइम पायाच्या तळव्याच्या एपिथेलियमला जोडले आणि त्यातून दात घडला; त्यामुळे सूत्रे मेसेंकाइमकडे असल्याचे मत रूढ झाले. १९८७ मध्ये मीना व कॉलर यांनी, तर १९८८ मध्ये लम्सडेन यांनी अधिक कोवळे भ्रूण घेतले. सुमारे ९ ते ११ दिवसांच्या भ्रूणाच्या जबड्याचे एपिथेलियम दातांशी संबंध नसलेल्या मेसेंकाइमलाही दात घडवायला लावते, असे त्यांना दिसले. साधारण बाराव्या दिवसापासून ही क्षमता मेसेंकाइमकडे जाते. दोन्ही निष्कर्षांतला विरोध मुख्यतः भ्रूणाच्या वयाचा असल्याने आज क्रमिक देवाणघेवाणीचे मत अधिक ग्राह्य वाटते. उंदराला दुधाचे दात पडून नवे येत नाहीत. दात बदलण्याचा अभ्यास त्याच्यावर करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. मानवी कुटुंबांतून आलेला पुरावा जनुकांचा आहे : एमएसएक्स१ (पुरावा १९९६) व पॅक्स९ (पुरावा २०००) या जनुकांतील दोषांमुळे काही दात, विशेषतः दाढा व उपदाढा, जन्मतःच नसतात.

प्रयोगशाळेतील कसोटी लागते ती छेदाला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काढलेल्या पातळ कापाला. एनॅमलमध्ये (दाताच्या कठीण बाह्य आवरणात) वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ५ टक्के नायट्रिक ॲसिडात दात मऊ करायला ठेवला की पक्व एनॅमल विरघळून जाते व त्या जागी रिकामी फट उरते. म्हणून एनॅमलसाठी दात मऊ न करता घासूनच छेद करतात. डिस्कने पातळ काप काढायचा, आधी खरखरीत व मग बारीक दगडावर पाणी सोडत सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत घासायचा. पाणी थांबले की काप तापून तडकतो. ही तड एनॅमलमधल्या नैसर्गिक लॅमेलासारखीच (सेंद्रिय पदार्थाच्या पातळ पट्टीसारखीच) दिसते. शंका आल्यास काप ॲसिडात ठेवावा, तड नाहीशी होते, लॅमेला टिकते. काप फार वाळला तर डेंटिनच्या (एनॅमलखालच्या थराच्या) नळ्यांत हवा शिरून त्या काळ्या दिसतात आणि नवखे त्यांनाच मृत (आतले पेशीतंतू नष्ट झालेल्या) नळ्या समजतात.

दुधाच्या दातात जन्माच्या वेळची एक ठळक रेषा असते. तिच्या आतले एनॅमल गर्भातले, बाहेरचे जन्मानंतरचे. वरच्या मधल्या पटाशीच्या दातात ती मानेजवळ, सुळ्यात टोकाकडे सापडते. छेद टोकाच्या मधोमध गेला नाही तर ती रुंद भासते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे झालेली नोंद पुन्हा भरून निघत नाही. इनामगावच्या (जि. पुणे) ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे इ.स.पू. सुमारे दुसऱ्या व पहिल्या सहस्रकातील, बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे मानवशास्त्रज्ञ लुकाक्स व वाळिंबे यांना तपासता आले ते याचमुळे.

आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात किंवा तुळशीत पुरतात. एक मोलाचा नमुना त्याबरोबर जातो. पालकांची संमती घेऊन तो मागून घ्यावा. मुळे झिजून गेलेली असली तरी रेषेसाठी शिखराचा (हिरडीबाहेरचा) भाग पुरतो. छेदासाठी १० टक्के फॉर्मालिन चालते, पण त्यात डीएनए खराब होतो. जनुकतपासणीचा दात कोरडा व थंड ठेवावा. बाटलीवर दाताची बाजू, जन्मतारीख आणि प्रसूती कितव्या आठवड्यात झाली ते लिहावे. शेवटची नोंद बहुधा राहून जाते, आणि ती नसेल तर रेषेच्या आतले एनॅमल किती आठवड्यांचे ते ठरवता येत नाही.