व्यासंग : खानदेशातील कादंबरीवाचन

ग्रंथांशी जडलेला आणि वर्षानुवर्षे टिकलेला संबंध म्हणजे व्यासंग. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात तो केवळ वाचून संपवलेल्या पुस्तकांच्या संख्येवर मोजत नाहीत. वाचलेले चारचौघांत सांगता येते का, हेही पाहिले जाते. कोणती कादंबरी अभिजात मानायची याचा निवाडाही इथे याच अंगाने करणे योग्य ठरते, कारण या भागाशी नाते असलेल्या मोठ्या गद्यकृतींत कोणीतरी कोणाला तरी काही सांगत असते.

या सवयीचे मूळ पोथीत आहे. चातुर्मासात मंदिरात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागते : श्रीधरांचे हरिविजय आणि पांडवप्रताप, नाहीतर नवनाथ भक्तिसार. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ लावून सांगतो. ऐकायला बसलेल्यांत अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसे असतात. पण वाचणाऱ्याची ओवी सुटली की त्याला टोकतातही तीच. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी तो अध्याय आला की बायका पदर डोळ्यांना लावतात. पुढे काय होणार ही उत्सुकता संपल्यावरही जी कथा माणसाला बसवून ठेवते, ती अभिजात. या ओसरीवरची ही समज समीक्षेतल्या कितीतरी व्याख्यांपेक्षा पक्की आहे.

म्हणूनच व्यासंगी आणि निरक्षर यांच्यात सरळ रेघ मारता येत नाही. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या कविता घरातल्या माणसांनी ऐकून उतरवल्या आणि मुलगा, कवी सोपानदेव चौधरी, यांच्या प्रयत्नाने 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापल्या गेल्या. छापखान्यावरच्या त्यांच्या कवितेत कोरा कागद छापला जाऊन शहाणा होतो, माणूस मात्र येडाच राहतो. पुस्तकी शहाणपणाची इतकी नेमकी तपासणी पदवीधरांनीही क्वचित केली असेल. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये कथा-गीतांचा साठा अजूनही मुख्यतः तोंडी आहे. तो पाठ असणाऱ्याला अडाणी म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

सांगण्यातून ग्रंथ उभा राहण्याचे ठळक उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले आहे. 1932 मध्ये विनोबा भावे यांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती जागच्या जागी लिहून घेतली. त्यांचेच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. साने गुरुजी जन्माने कोकणातले, पण अमळनेरच्या शाळेतील शिक्षकी आणि तिथल्या चळवळीमुळे खानदेशाने त्यांना आपले मानले. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे रात्रींमध्ये वाटलेली आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची आठवण सांगतो. अनेक घरांत हे पुस्तक आधी ऐकले जाते, नंतर वाचले जाते.

मराठी कादंबरीला भक्कम पाया देणारे हरि नारायण आपटे यांचा जन्म 1864 मध्ये पारोळ्याला झाला. लेखन पुण्यातले असले, तरी हे जन्मस्थान खानदेशी वाचक विसरत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतः सांगते. ती आज संथ वाटते, पण तिचे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. बाईच्या बोलण्यातला दम त्यात जसाच्या तसा आहे.

जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 मध्ये आली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या घरातून पुण्याला शिकायला जातो आणि सारे हरवून गावी परततो. पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या इथल्या वाचकाला आपले वडील, आपले वाडे आणि आपली बोलण्याची ढब छापलेली पहिल्यांदा दिसली असेल, तर ती बहुधा इथेच. ‘कोसला’ एकदा वाचून कळत नाही. पांडुरंगची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग पुन्हा वाचताना पहिल्या वेळी हसवून गेलेली पानेही बदललेली वाटतात. नेमाडे यांना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

कादंबरी म्हणजे काय, हा विचारही या प्रदेशाला परका नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1902 मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे आहे. नेमाडे यांनी मराठी कादंबरीचे प्रवाह ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपासून लावून दाखवले.

सर्वसामान्य वाचकाची आवड मात्र या चर्चेने ठरत नाही. वाचनालयात ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ला मागणी असते, आणि समीक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. ते बरोबर नाही. दोन्हींत पात्रे आळीपाळीने आपली बाजू स्वतः मांडतात. पोथी ऐकून वाढलेल्या माणसाला कर्ण किंवा शर्मिष्ठा स्वतः बोलताना ऐकणे हे ओळखीच्या कथेतले नवे दार असते. त्यातून तो ‘कोसला’पर्यंत जाईल किंवा जाणार नाही. पण एवढ्यावरून त्याला कच्चा वाचक ठरवू नये.

1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळू लागल्यावर तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या वाचनालयांना आधार झाला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहिली की त्या गावाची आवड कळते : एखाद्या कादंबरीला चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली, तर शेजारच्या गाजलेल्या ग्रंथाची चिठ्ठी कोरी. दिवाळी अंकांची वर्गणी भरून ते आळीपाळीने नेणारे सभासद अजूनही आहेत. अलीकडे अनेक ठिकाणी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका भरलेली असते आणि देवघेवीच्या खिडकीशी फार कोणी नसते. त्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण रात्री मोबाईलवर कादंबऱ्या ऐकतात.