प्रवाळ-मत्स्यालय, घरगुती (नागपूर)

घरातील काचेच्या टाकीत खारे पाणी, खडक व जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यासोबत राहणारे मासे व अपृष्ठवंशी प्राणी सांभाळण्याची पद्धत. गोड्या पाण्याच्या टाकीत मासे मुख्य असतात. येथे मान प्रवाळाचा, आणि पाणी, प्रकाश व प्रवाह त्याच्या गरजेप्रमाणे ठरतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर (१९५१) समुद्रच होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर, देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपुरात तो मीठ विरघळवून करावा लागतो व वर्षभर २५° ते २७° से. तापमानात राखावा लागतो.

उगम : काचेच्या टाकीत सागरी जीव ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ झान व्हिलप्रू-पॉवर यांना देतात. सिसिलीतील मेसिना येथे १८३२ च्या सुमारास त्यांनी आर्गोनॉट हा अष्टपादाच्या गटातील प्राणी आपले कवच स्वतः तयार करतो काय, हे टाकीत ठेवून पाहिले. प्रवाळ हा निकष धरल्यास मात्र ॲना थिन यांचे नाव पुढे येते. त्यांनी १८४६ च्या सुमारास इंग्लंडमधील टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला आणले, पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतवून त्यात हवा मिसळवली आणि पुढे सागरी शैवाल घातले. त्यांचे टिपण १८५९ मध्ये छापले गेले, तोवर रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८५०) व निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस (१८५४) यांचे लेखन प्रसिद्ध झाले होते. पहिले मत्स्यालय कोणाचे, हा वाद मुख्यतः यातून निघाला. केवळ कालक्रम पाहिल्यास व्हिलप्रू-पॉवर व थिन यांचा दावा बळकट आहे. परंतु दोघींनीही खरे समुद्रजल वापरले. समुद्रापासून दूरच्या गावाच्या दृष्टीने गॉस यांचे काम अधिक मोलाचे मानावे लागते, कारण साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांपासून समुद्रजल करण्याची कृती त्यांनी दिली. अल्प प्रमाणात असतात म्हणून कॅल्शियमची संयुगे त्यांनी वगळली होती. प्रवाळाच्या सांगाड्याला नेमके तेच द्रव्य लागते. कृत्रिम समुद्रजलात कठीण प्रवाळ वाढू लागण्यास पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला, त्याची कारणे अनेक असली तरी हे एक कारण नजरेआड करता येत नाही.

जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ च्या लेखात गाळणयंत्राऐवजी समुद्रातील सजीव खडक व हवेचे बुडबुडे यांवर टाकी चालवण्याची पद्धत मांडली. खडकाच्या बाह्य थरातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करतात आणि आतील प्राणवायूविरहित भागात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. याला तीव्र प्रकाश व प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय मळ काढणारे यंत्र) यांची जोड देणारी बर्लिन पद्धत १९७०-८० च्या दशकांत रूढ झाली. प्रवाळ वापरत असल्याने घटणारे कॅल्शियम चुन्याच्या निवळीने भरून काढण्याचा पीटर विल्केन्स यांनी पुरस्कारलेला उपाय आजही वापरात आहे.

पाणी : शहराचा पुरवठा मुख्यतः पेंच प्रकल्प व कन्हान नदीवर आहे, बोअरचे पाणी बहुधा जड असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी, आणि फॉस्फेट, नायट्रेट व सिलिकेट काढण्यासाठी आर.ओ. पडदा व त्यापुढे आयन-विनिमय रेझीन लागते. स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्र चवीसाठी काही क्षार परत मिसळते, म्हणून ते जसेच्या तसे चालत नाही. मिठाबाबतही गैरसमज आढळतो. मिठागरात आधी चुनखडी व जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतात. त्यामुळे खडेमीठ समुद्रातून आलेले असले तरी त्यापासून पुन्हा समुद्रजल होत नाही. तयार मिश्रणच घ्यावे, २०० लि. पाण्याला ते ७ ते ७.५ किग्रॅ. लागते. लवणता हजारी ३५, विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६.

उष्णता : नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९° से. तापमान नोंदले गेले. नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ही टाकी टिकणार नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी निवते, आणि त्याची खालची मर्यादा हवेचे ओल्या फुग्याचे तापमान (तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळले असता दिसणारे) ठरवते. हवा ४४° व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असता हे तापमान सुमारे २३° येते. श्रावणात हवा ३०° व आर्द्रता ८० टक्के असता ते सुमारे २७° भरते. पंप व दिवे यांची उष्णता त्यात धरली, तर वैशाखात पंख्याने भागते, पावसाळ्यात भागत नाही. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा वातानुकूलित खोली हवी. म्हणून चिलरची खरी गरज जुलैनंतर मोजावी, मे महिन्यात नव्हे. घरचा कूलर त्याच खोलीत चालू असेल तर हवा थंड होते पण दमटही होते, आणि पंख्याचा काही प्रभाव जातो. थंडीत रात्री पारा १०° च्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतो.

बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. २०० लि. टाकीतील ६ लि. पाणी उडाले की लवणता ३५ वरून ३६ वर जाते. कूलरला असतो तसा फ्लोट बसवून भर मात्र शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावी. या भरीतूनच चुन्याची निवळी देता येते: कॅल्शियम ४०० ते ४५० मिग्रॅ. प्रतिलिटर राखण्यास ती पुरते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात भर जास्त लागत असल्याने निवळीलाही भरपूर वाव मिळतो. पावसाळ्यात भर घटली की कॅल्शियमही घटते, ते वेगळे द्यावे लागते. निवळी अतिशय अल्कधर्मी असल्याने रात्री थेंबाथेंबाने सोडावी. पानाचा चुना वापरू नये. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे.

टाकी व जीव : घरी काच जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की सिलिकॉन हवेतील बाष्पाने पक्का होतो, कोरड्या मे महिन्यात त्याला अधिक दिवस द्यावेत. पाणी, खडक व काच मिळून २०० लि. टाकीचे वजन २५० किग्रॅ.च्या पुढे जाते. जीवाणू स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्याआधी मासा सोडणे म्हणजे त्याला मारणे होय. वीज गेल्यास आधी प्राणवायू संपतो, तापमान नंतर चढते. म्हणून बॅटरीवरील हवेचा पंप प्रथम घ्यावा. माशांत पैदास केंद्रातील क्लाउनफिश उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे.

कायदा : सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. भारतीय किनाऱ्यावरून ते काढणे, विकणे किंवा बाळगणे गुन्हा असून मृत सांगाड्यालाही हे लागू होते. मालवणचे किंवा लक्षद्वीपचे म्हणून विकले जाणारे प्रवाळ वा प्रवाळाचा खडक त्यामुळे घेऊच नये. परदेशी कठीण प्रवाळाची आयात साइट्स (संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने होते. टाकीत वाढवलेल्या तुकड्याचीही कागदपत्रे मागून जपून ठेवावीत. सजीव खडकाऐवजी सच्छिद्र सिरॅमिक खडक वापरल्यास जीवाणू बसण्यास अधिक काळ लागतो, काम मात्र तेच होते.