स्टिअरिंगमागची दोन पाती : पॅडल शिफ्टर बदलण्यामागची पार्श्वभूमी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत स्टिअरिंगमागे गिअर बदलणारी दोन पाती (पॅडल शिफ्टर) दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. आय-२० एन लाइन, व्हर्टस, स्लाव्हिया यांच्यात ती आहेतच, मारुती ब्रेझाच्या ऑटोमॅटिकलाही मिळतात. मग पुढचा हट्ट सुरू होतो. कंपनीची पाती आखूड, प्लास्टिकची, दाबल्याचे बोटाला कळतही नाही. ती काढून अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची लांब पाती बसवायची. हे काम दिसते तितके सोपे नाही आणि विकणारे सांगतात तितके फायद्याचेही नाही. पात्याने काय होते आणि काय होत नाही, याचा निकाल १९८९ सालीच लागलेला आहे.

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनांवर बंदी आली. फेरारीने साडेतीन लिटरचे व्ही-१२ इंजिन घेतले आणि ६४० ही गाडी उतरवली. तिचा रचनाकार जॉन बर्नार्ड इटलीत नव्हे, तर इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला बसून काम करत असे. तोवर शर्यतीच्या गाडीत चालकाच्या उजव्या मांडीशी गिअरचा दांडा असायचा आणि तिथून इंजिनाला वळसा घालत मागच्या गिअरबॉक्सपर्यंत सळई जायची. दांड्याला आणि तो ओढणाऱ्या हाताला जागा लागते, म्हणून कॉकपिट रुंद ठेवावे लागे. बर्नार्डला गाडी अरुंद हवी होती. त्याने दांडा आणि सळई दोन्ही काढून टाकले, स्टिअरिंगमागे दोन पाती ठेवली आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत फक्त वायर नेली. उजवे पाते वरचा गिअर, डावे खालचा. क्लचचे पेडल राहिले ते गाडी जागेवरून हलवण्यापुरते. गिअर मात्र सात झाले.

उद्यमबागेत किंवा मच्छेला हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कारखान्यात काम केलेल्याला पुढची मांडणी लगेच कळेल. पंप तेलाला दाब देतो, तो दाब अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठतो, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरचा रॉड सरकतो आणि रॉडला जोडलेला फोर्क गिअर बदलतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. पाते त्या पेटीला फक्त ‘मागणी आली’ एवढे कळवते. म्हणजे पाते हा स्विच आहे, बाकी सगळे मागे घडते.

२६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये हंगामातली पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने याच गाडीने जिंकली. मध्येच पिटमध्ये त्याचे स्टिअरिंग चाक बदलावे लागले होते. मात्र नंतर ६४० वारंवार बंद पडू लागली आणि खापर साहजिकच नव्या गिअरबॉक्सवर फुटले. मूळ दुखणे निराळे होते. क्रँकशाफ्टच्या थरथरीने वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा उडायचा, वीज तुटायची, आणि वीज नाही तर गिअर नाही. हंगामात तीनच विजय मिळाले, मॅन्सेलचे दोन आणि गेरहार्ड बर्गरचा एक. तरी काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून दांडा हद्दपार झाला. गिअर पडत नसेल तर आधी बॅटरी आणि वायरिंग बघा, गिअरबॉक्स नंतर, हा धडा मात्र आजच्या गॅरेजलाही जसाच्या तसा लागू आहे.

रस्त्यावरच्या गाडीत पाती आली १९९७ मध्ये, फेरारी एफ-३५५ ‘एफ-वन’मध्ये. गिअरबॉक्स तोच सहा गिअरचा साधा मॅन्युअल. त्यावर मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची हायड्रॉलिक यंत्रणा बसवून क्लचचे पेडल काढले होते. पुढे अल्फा रोमिओच्या सेलेस्पीडमध्ये हीच कल्पना आली. आणि २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ भारतात आली, तिच्या एएमटीमागेही (साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक) मॅग्नेटी मारेलीच होती. फेरारीचे बीज आपल्याकडे सर्वांत स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये रुजले, तेही पाती न देता! एएमटी गिअर बदलताना गाडी मान डोलावते, त्याचे मूळ इथे आहे. क्लच एकच असल्याने तो सुटून पुन्हा बसेपर्यंत चाकाला ओढ मिळत नाही.

फेरारीच्याच गाड्यांत ही वेळ कशी घटली ते बघण्यासारखे आहे. एन्झोला गिअर बदलायला सुमारे १५० मिलिसेकंद लागत, ५९९ ला १००, तर २००७ च्या ४३० स्कुदेरियाला ६०. पाती या सगळ्यांत जवळपास सारखीच. वेळ कमी झाली ती व्हॉल्व्ह, दाब आणि सॉफ्टवेअरमुळे. दाराच्या बेलचे बटण पितळेचे केले म्हणून बेल लवकर वाजत नाही. ‘पॅडल बदलली आणि गाडी झटपट झाली’ असे कुणी सांगितले, तर फरक बोटाला जाणवला आहे, गिअरबॉक्सला नाही, एवढेच समजावे. वेग खरोखर वाढला तो दोन क्लचच्या गिअरबॉक्सने. पोर्शने तो १९८० च्या दशकात शर्यतीत आजमावला आणि फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मध्ये विकायला काढला. एका क्लचवर चालू गिअर असतो, तेव्हाच दुसऱ्यावर पुढचा तयार असतो.

पाती कुठे बसवायची, हा वाद अजून मिटलेला नाही. फेरारी आणि अल्फा रोमिओ ती स्टिअरिंग कॉलमवर बसवतात, म्हणजे चाक फिरले तरी पाते जागच्या जागी. निसान जीटी-आरमध्येही आधी तसेच होते. २०१७ च्या मॉडेलमध्ये निसानने ती चाकावर आणली. भारतात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती चाकाबरोबरच फिरतात. ट्रॅकवर हे बरे, कारण हात चाकावरून सुटत नाही. पण आंबोली किंवा तिलारीच्या वळणावर चाक अर्ध्याहून जास्त फिरवावे लागते आणि मग उजवे पाते डावीकडे, तेही उलटे. तेव्हा पाते शोधत बसू नये. गिअर वळणाआधीच, चाक सरळ असताना उतरवून घ्यावा. लांब पाती बसवून ही अडचण सुटत नाही.

भारतात पाती बसवण्याचे वेड वाढले त्याला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बरीच कारणीभूत आहे. २०१३ मध्ये ती सात गिअरच्या डीएसजीसह (फोक्सवॅगनचा तोच दोन क्लचचा गिअरबॉक्स) आली, पण पाती नव्हती. डीएसजी आहे आणि पाती नाहीत, हे अनेकांना खटकले. मग पातीवाले चाक मिळवून बसवणे सुरू झाले. इथे नुसते पाते पुरत नाही. चाकातल्या बटणांचे छोटे मॉड्यूल आणि कॉलममधले मॉड्यूल यांची भाषा जुळावी लागते, दोघांमध्ये लिन बसची (मॉड्यूलांमध्ये संदेश नेणारी) वायर लागते आणि शेवटी व्हीसीडीएससारख्या स्कॅनरने १६ नंबरच्या स्टिअरिंग मॉड्यूलचे कोडिंग करावे लागते. कॉलमचे मॉड्यूल साध्या जातीचे असेल तर कोडिंग करूनही पाती मुकीच राहतात. म्हणून चाक विकत घेण्याआधी गाडीतल्या मॉड्यूलचा पार्ट नंबर वाचून घ्यावा.

ज्यांच्या गाडीत पाती आहेतच, त्यांच्यापुढे दोन वाटा. मूळ पात्यावर टोपी चढवायची, किंवा पातेच बदलायचे. आमच्या मते दहापैकी नऊ जणांनी पहिलीवर थांबावे. तिथे एअरबॅगला हात लागत नाही.

टोपी घेताना आधी वजन बघा. ९० मिमी लांब, ३० रुंद आणि ३ जाड पाते धरले तर अ‍ॅल्युमिनियममध्ये ते साधारण २२ ग्रॅम भरते, कार्बन फायबरमध्ये १३, एबीएस प्लास्टिकमध्ये ८-९ आणि स्टेनलेस स्टीलमध्ये थेट ६५. स्टील दिसायला झकास, पण खड्ड्यात चाक आदळले की जड पाते स्वतःच्या वजनाने हलते आणि आतला नाजूक पिव्हट (पाते ज्यावर हलते ती खुंटी) झिजतो. दुसरी गोष्ट लांबीची. पिव्हटपासून बोटाची जागा ४० मिमीवरून ८० वर गेली की दाबायला निम्मा जोर लागतो, पण पाते दुप्पट सरकते आणि पूर्वीइतक्याच जोराने दाबले तर आतल्या प्लास्टिकच्या अडणीवर दुप्पट ताण येतो. सवयीने जोरात दाबणाऱ्याच्या गाडीत ती अडणीच मोडते. मग स्विच दाबलेलाच राहतो आणि गाडी मॅन्युअल मोडमधून बाहेर येत नाही.

उद्यमबागेत व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) ६०६१ अ‍ॅल्युमिनियममधून अशी जोडी काढून अ‍ॅनोडायझिंग करून घेणे अवघड नाही. ड्रॉइंग देताना दोन गोष्टी लिहाव्यात : कडांना किमान १ मिमीची गोलाई, आणि टोपीच्या आत टेपच्या जाडीइतकी मोकळीक. फोम टेप बहुधा १.१ मिमीची असते. ती मोकळीक विसरली तर टोपी चढतच नाही, नाहीतर टेप सोलवटून निघते.

चिकटवण्याआधी मूळ पाते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. डॅशबोर्ड चमकवणाऱ्या सिलिकॉन पॉलिशचा थर राहिला, तर जगातली कोणतीही टेप धरणार नाही. व्हीएचबी टेपला (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी फोम टेप) वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, पूर्ण यायला ७२ तास लागतात, तेही साधारण २० अंशांच्या वरच्या हवेत. डिसेंबरात बेळगावच्या पहाटे लावू नये, दुपारी लावावी. ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असलेल्या टोप्यांत एम-३ चा स्क्रू एलन कीचे आखूड टोक हातात धरूनच आवळावा. लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) इथे नको. ते प्लास्टिकला लागले की एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि काही आठवड्यांत मूळ पातेच तुटते.

बसवण्याआधी टोपी नुसती धरून दोन्ही बाजूंच्या इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांपासूनचे अंतर मोजा. १० मिमीपेक्षा कमी नसावे. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये इंडिकेटर डावीकडे असतो, ह्युंदाई-मारुतीत उजवीकडे. म्हणून पोलोत लांब डावे पाते इंडिकेटरच्या आड येते आणि आय-२० मध्ये उजवे. चाक फिरवताना पात्याने इंडिकेटर बंद होत असेल, तर ते पाते कापून आखूड करावे, दुसरा उपाय नाही.

चुंबकाची पाती हा सध्याचा लाडका प्रकार. निओडिमियम चुंबक सुटताना येणारा ‘टक्’ शर्यतीच्या चाकासारखा वाटतो आणि बोटाला खरोखर नेमके कळते. फक्त साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांपर्यंतच टिकतो. एप्रिलमध्ये अथणी-रायबागकडे काचा लावून उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत काळे स्टिअरिंग चाक भलतेच तापते. तिथे जास्त तापमान सोसणारी प्रत मागून घ्यावी.

पातेच बदलायचे असेल तर एअरबॅग काढावी लागते. चाके सरळ करून बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि किमान दहा मिनिटे थांबायचे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळायचा. पिवळा कनेक्टर काढल्यावर एअरबॅग झाकण वर करून ठेवायची, कधीही पालथी नाही. तिच्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही; मीटरचा क्षीण प्रवाहही ती उडवू शकतो. पात्याच्या स्विचला मात्र मीटर जरूर लावावा, पण आधी वायरिंगचे ड्रॉइंग बघावे. काही गाड्यांत साधा चालू-बंद स्विच असतो, काहींत दोन्ही पाती एकाच वायरवर वेगवेगळ्या रोधाने ओळखली जातात. खानापूर-कणकुंबीच्या पावसात ओल धरून टोकांवर हिरवट थर चढला की हा रोध बदलतो आणि डावे दाबले तर काहीच होत नाही.

चाक उतरवावे लागले तर नटाजवळ चाकावर आणि शाफ्टवर खूण करावी, क्लॉक स्प्रिंग (फिरत्या चाकातल्या एअरबॅग-हॉर्नला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी) टेपने जागच्या जागी बांधावी. ती एखादा फेरा जास्त फिरली की आतली पट्टी पहिल्याच पूर्ण वळणात तुटते. एअरबॅगचा दिवा लागतो आणि हॉर्नही जातो. मधला बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळावा. अनेक कंपन्या तो नवा घालायला सांगतात.

नुसत्या टोपीने आरसीवरची नोंद बदलत नाही. एअरबॅग नसलेले चाक बसवणे वेगळे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि अपघातानंतर केए-२२ ची पाटी आहे की एमएच-०९ ची, हे विमा कंपनी बघत नाही. गाडीत एअरबॅग होती का, एवढेच बघते.

बसवून झाल्यावर गाडी उभी असतानाच चाक दोन्ही टोकांपर्यंत तीन वेळा फिरवावे, हॉर्न वाजवावा, एअरबॅगचा दिवा विझतो का ते बघावे. मग मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने दोन्ही पाती एकेकदा. वंटमुरी घाटात उतरताना डावे दाबूनही गिअर उतरला नाही, तर पात्याला दोष देण्याआधी इंजिनाचे फेरे बघा. खालच्या गिअरला ते मर्यादेबाहेर जात असतील तर गिअरबॉक्सचा संगणक मागणी नाकारतो. थोडा ब्रेक लावून पुन्हा दाबावे.