फुटबॉलचे व्यापारीकरण आणि स्टेडियममधले वातावरण

टीव्हीचे हक्क, प्रायोजक, चढी तिकिटे आणि गुंतवणूकदार मालक यांच्या जोरावर गेल्या तीन-साडेतीन दशकांत युरोपातल्या फुटबॉल क्लबांची मिळकत प्रचंड वाढली. त्याबरोबर स्टेडियममध्ये कोणाला येणे परवडते, आलेला माणूस कुठे आणि कसा बसतो, तो गातो की नुसता पाहतो, हेही बदलले. हा बदल सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे इंग्लंडमध्ये दिसला. म्हणून या नोंदीत भर तिथल्या अनुभवावर आहे. जर्मनी आणि भारत यांचा विचार त्या ओघात येतो.

मैदानावरचे वातावरण म्हणजे हजारो माणसांनी एका सुरात म्हटलेली गाणी, पंचाला घातलेल्या शिव्या, गोल होण्याआधीचा तो रोखलेला श्वास. यातले काहीही क्लब बनवत नाही. चाहते बनवतात, तेही फुकट. तमाशाच्या फडात झीलकऱ्याला निदान बिदागी मिळते. फुटबॉलमध्ये झील धरणारा स्वतःच तिकीट काढून आत येतो, आणि त्याने धरलेली झील क्लब टीव्हीला विकतो. व्यापारीकरणाचा सगळा पेच या व्यवहारात आहे: जो माल विकायचा तो बनवणाऱ्यालाच दरवाढ करून बाहेर काढले, तर माल येणार कुठून?

कॉपच्या पायऱ्या

लिव्हरपूल क्लबच्या अॅनफिल्ड मैदानावर एका गोलच्या मागे जो स्टँड आहे, त्याला ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली एक लढाई झाली. तिथे इंग्लंडच्या लँकेशर भागातले बरेच सैनिक पडले, त्यांच्या आठवणीने हे नाव आले. (त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते.) कॉपवर खुर्च्या नव्हत्या. सिमेंटच्या उतरत्या पायऱ्या, मधूनमधून लोखंडी कठडे, आणि त्यांत खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे. इंग्रज अशा पायऱ्यांना ‘टेरेस’ म्हणतात. आपल्या गच्चीशी तिचा काही संबंध नाही. चेंडू गोलजवळ आला की मागची रांग पुढे झुकायची आणि सगळा जमाव लाटेसारखा दहा-वीस पावले खाली घसरून परत वर यायचा. शाळकरी पोरांना मोठी माणसे डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवत. तिकीट गोदी कामगाराच्या खिशाला झेपेल असे होते आणि जागा ठरलेली नसल्याने मित्रांचे टोळके नेहमी एकत्र उभे राहू शके. गाण्याला लागतो तो गट असाच जमतो. आरक्षित खुर्च्यांवर विखुरलेली पाच माणसे सहसा गात नाहीत.

या जगाचे गोडवे गाताना त्याचे काळे अंगही सांगायला हवे. पायऱ्या मोडक्या होत्या, स्वच्छतागृहे किळसवाणी. हाणामारी आणि काळ्या खेळाडूंना वर्णद्वेषी शिव्या नेहमीच्या होत्या; बायका क्वचितच दिसत. जुन्या चाहत्यांच्या स्मरणरंजनात यातले बरेच गाळले जाते.

हिल्सबरो आणि त्यानंतर

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप या इंग्लिश बाद स्पर्धेचा उपांत्य सामना होता. पोलिसांनी बाहेरची गर्दी आत घेण्यासाठी दार उघडले आणि लोकांचा लोंढा आधीच गच्च भरलेल्या, पोलादी जाळ्यांनी बंद केलेल्या कप्प्यांत गेला. चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला; त्यांतला शेवटचा जखमी २०२१ मध्ये वारला. दोष चाहत्यांच्या माथी मारला गेला आणि तो पुसायला २०१६ उजाडले. त्या वर्षी ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि चाहत्यांना निर्दोष म्हटले.

चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या असाव्यात, ही त्यातली गाजलेली शिफारस. पहिल्या दोन विभागांतल्या क्लबांना त्यासाठी ऑगस्ट १९९४ पर्यंतची मुदत मिळाली. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली गेली. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महाग करायचे कारण नाही, असे टेलर यांचे म्हणणे होते; ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर उभ्याला ४ पौंड आणि खुर्चीला ६ पौंड पडतात, असा दाखलाही त्यांनी दिला होता. क्लबांनी खुर्च्या घेतल्या, दाखला सोडून दिला.

कॉपवरचा शेवटचा उभ्याचा सामना ३० एप्रिल १९९४ रोजी झाला. लिव्हरपूल नॉर्विचकडून ०-१ असे हरले. जिथे एके काळी पंचवीस हजारांहून जास्त माणसे मावत, तिथे आता सुमारे १२,००० खुर्च्या आल्या.

त्या काळातली लंडनमधली एक गोष्ट मोठी बोलकी आहे. १९९२ च्या हंगामात आर्सेनलने हायबरी मैदानावरचा नॉर्थ बँक हा उभ्याचा स्टँड पाडला. बांधकाम झाकायला गोलच्या मागे एक अवाढव्य कापड लावले, त्यावर हजारो प्रेक्षक रंगवलेले. रंगवलेल्या गर्दीत एकही काळा चेहरा नाही, हे लोकांच्या लक्षात आले तेव्हा चित्रकारांना परत बोलावून चेहरे रंगवून घ्यावे लागले. नव्या स्टँडमध्ये सीझन तिकीट मिळवण्याचा हक्क हवा असेल तर आधी हजार पौंडांहून महागडे रोखे घ्यायचे, अशी योजना होती. चित्रातल्या प्रेक्षकाला ती अट नव्हती, आणि तो आवाजही करत नव्हता.

नवा प्रेक्षक

१९९२ मध्ये वरच्या विभागातले क्लब जुन्या लीगमधून फुटून प्रीमियर लीग म्हणून उभे राहिले. स्काय वाहिनीबरोबरचा त्यांचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३०४ दशलक्ष पौंडांचा होता. २०१६ ते २०१९ या तीनच वर्षांचे ब्रिटनमधले थेट प्रक्षेपणाचे हक्क ५ अब्ज पौंडांहून जास्त किमतीला गेले. टीव्हीचा पैसा इतका आला, तर तिकीट स्वस्त होईल असे वाटेल. झाले उलटेच. पैसा खेळाडूंच्या पगाराकडे गेला आणि मैदानावरची कमाई वाढवण्यासाठी स्टँडची उतरंड लावली गेली: काचेच्या खोल्या, जेवणासह जागा, गादीच्या खुर्च्या, आणि उरलेल्यांसाठी कोपरे. आर्सेनल २००६ मध्ये हायबरी सोडून जवळच्याच साठ हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेले. विमान कंपनीचे नाव असलेल्या या वास्तूत मधला अख्खा मजला गादीवाल्यांचा आहे. मध्यंतर संपून खेळ सुरू झाला तरी त्यातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात, कारण आतली खाण्यापिण्याची सोय झकास आहे.

यावरचा सर्वांत झोंबणारा शेरा एका खेळाडूनेच मारला. नोव्हेंबर २००० मध्ये डायनॅमो कीव्हविरुद्धच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्ड या मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावरचे लोक आपल्याच संघावर कुरकुरत होते. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन नंतर म्हणाला की इथे काही जण पेये ढोसतात, कोळंबीचे सँडविच खातात आणि मैदानावर काय चालले आहे ते त्यांना कळत नाही. तेव्हापासून ‘कोळंबी सँडविचवाले’ ही इंग्लिश फुटबॉलमध्ये जातच झाली. कोकणातल्या वाचकाला कोळंबीत एवढे उच्चभ्रू काय हे कळणार नाही, पण तिथे तो कंपनीच्या खर्चाने आलेल्या पाहुण्यांचा खाऊ होता.

दोन संघांचे रंग अर्धे-अर्धे विणलेला मफलर ही दुसरी खूण. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर तो हमखास विकला जातो. आयुष्यात एकदाच तिथे जाणाऱ्या पर्यटकाला, म्हणजे पुण्याहून सहलीला गेलेल्या आपल्यासारख्यालाही, ती छान आठवण वाटते. पिढीजात चाहत्याच्या लेखी तो मफलर म्हणजे धर्म बुडाला.

पर्यटकाला दोष देणे सोपे आहे. टीव्हीसमोर बसलेला भारतीय प्रेक्षकही या साखळीत आहे. शनिवारी दुपारी तीन ही इंग्लंडमधली सामन्यांची परंपरागत वेळ. तिथे साडेबारालाही सामना ठेवतात, तो आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे संध्याकाळी पाच किंवा सहाला सोयीने दिसतो. त्यासाठी न्यूकॅसलहून लंडनला जाणाऱ्या चाहत्याला पहाटे घर सोडावे लागते. गंमत म्हणजे मैदाने ओस पडू नयेत म्हणून शनिवारी तीनचे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवत नाहीत. मुंबईत मात्र ते दिसतात.

उसना आवाज

मैदाने गप्प होऊ लागली तसे क्लबच आवाजाची सोय पाहू लागले. खुर्चीखुर्चीवर पुठ्ठ्याच्या घडीच्या टाळ्या ठेवणे, गोल झाल्यावर ध्वनिक्षेपकावर गाणे लावणे, असे प्रकार रूढ झाले. लग्नात वऱ्हाड नाचत नाही म्हणून डीजेचा आवाज वाढवावा, त्यातला हा प्रकार. २०२० मध्ये करोनामुळे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले तेव्हा तर टीव्ही वाहिन्यांनी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीकडचे गर्दीचे ध्वनिमुद्रित आवाज चित्रावर चढवले. गेमसाठी ते कधी काळी खऱ्या चाहत्यांकडूनच टिपलेले होते. त्या रिकाम्या मैदानांवर घरच्या संघाचा वरचष्मा कमी झाला आणि पंच पाहुण्या संघाला पूर्वीपेक्षा कमी कार्डे दाखवू लागले, असे अनेक अभ्यासांत आढळले. गर्दीचा आवाज खेळाच्या निकालातही असतो, हे असे उलट्या बाजूने सिद्ध झाले.

प्रतिकार

१३ जानेवारी २०१३ रोजी आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या चाहत्यांना तिकिटामागे ६२ पौंड मोजावे लागणार होते. तीन हजारांपैकी नऊशेच्या आसपास तिकिटे परत आली. सामना जिंकल्यावर एका साहाय्यक पंचाने सिटीच्या खेळाडूंना सांगितले, त्या लोकांनी ६२ पौंड भरलेत, जरा जाऊन भेटा त्यांना. ते बोलणे टीव्हीवर ऐकू आले.

६ फेब्रुवारी २०१६ ला अॅनफिल्डवर याहून मोठी गोष्ट घडली. नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचे तिकीट येणार होते. संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसे उठली आणि चालती झाली. त्यानंतर संडरलंडने दोन गोल करून सामना बरोबरीत सोडवला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ते तिकीट रद्द केले. पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. पाहुण्यांचा कोपरा हा बहुतेक इंग्लिश मैदानांवरचा सर्वांत गाजता कोपरा असतो आणि तो रिकामा राहिला तर टीव्हीचा माल फिका पडतो, हे क्लबांना उमगले असावे.

काहींनी सरळ संसार वेगळा थाटला. लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा त्याच्या चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन काढला. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर २००५ मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर निघाला. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. त्यांतल्या सहाही इंग्लिश क्लबांनी चाहत्यांच्या उठावामुळे दोन दिवसांत अंग काढून घेतले. त्यातूनच चौकशी होऊन २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचा रंग आता मालकाच्या लहरीवर बदलता येत नाही. तिकिटाचा दर मालकच ठरवतो. उभे राहून सामना पाहण्याची मुभाही, कठड्याच्या खुर्च्यांसह, २०२२ पासून वरच्या विभागांत परत आली आहे.

जर्मनीने सुरुवातीपासूनच दोर वेगळा धरला. तिथे १९९८ पासूनच्या ‘५०+१’ नियमाने, लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद वगळता, क्लबची निम्म्याहून जास्त मते सभासदांच्या हातात असतात. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये लीग सामन्यांना जवळजवळ २५,००० लोक उभे राहतात. या ‘पिवळ्या भिंती’चे फोटो जगभर फिरतात, आणि त्यावर क्लबचा धंदाही चालतो हे विसरता कामा नये. तिथला चाहता गप्प बसण्याचेही हत्यार वापरतो. २६ फेब्रुवारी २०१८ ला सामना सोमवारी ठेवल्याच्या निषेधात पिवळी भिंत बरीचशी रिकामी राहिली. २०२१-२२ पासून बुंदेसलीगा या तिथल्या वरच्या लीगमधून सोमवारचे सामने गेले. लीगच्या माध्यम-हक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला विकायचा घाट घातला गेला तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला आठवड्यामागून आठवडे मैदानांवर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी पडत राहिली. सामने थांबले, आणि २१ फेब्रुवारीला लीगने तो बेत सोडला.

भारतात

भारतात क्रम उलटा आहे. इथे पैसा असलेली इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये वरून आली आणि तिला वातावरण जुन्या क्लबांकडून घ्यावे लागले. २०१६ मध्ये देशातल्या लीगांच्या नव्या रचनेला विरोध म्हणून गोव्यातल्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. गोव्यातली राष्ट्रीय पातळीवरची गर्दी त्यानंतर फातोर्ड्याला एफसी गोवाभोवती गोळा झाली. कोल्हापुरात मात्र पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर आजही पेठेच्या नावाने खेळतात आणि पेठच्या पेठ पायऱ्यांवर येऊन बसते.

भारतातले सर्वांत मोठे भांडण कोलकात्यात झाले. मोहन बागान २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीशी जोडले गेले आणि नावाआधी ‘एटीके’ लागले. चाहत्यांनी ते काढा म्हणून तीन वर्षे मोहीम चालवली. १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्याला सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी ‘एटीके’ काढल्याचे जाहीर केले. क्लबचे नवे नाव मोहन बागान सुपर जायंट. त्यातले शेवटचे दोन शब्द त्याच मालकांच्या लखनौच्या क्रिकेट संघाच्या नावातून आलेले.