पक्षाघातानंतर मेंदूरक्षणासाठी मेमँटीन

मेमँटीन हे अल्झायमर आजारातील मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे औषध आहे. पक्षाघाताचा झटका आल्यावर मरू घातलेल्या चेतापेशी या औषधाने वाचवता येतील का, आणि त्या वाचल्या नाहीत तर निदान गेलेली वाचा किंवा हातापायांतली हालचाल लवकर परत येईल का, हे संशोधक १९९० च्या दशकापासून तपासत आहेत. एका आजारासाठी मान्यता मिळालेले औषध दुसऱ्या आजारावर वापरून पाहण्याला औषधाचे पुनर्प्रयोजन म्हणतात. मेमँटीनच्या पुनर्प्रयोजनाचे प्राण्यांवरील पुरावे भरपूर आणि बरेचसे आशादायक आहेत. माणसांवरील पुरावे मोजके आणि लहान आहेत. पक्षाघातावरील उपचार म्हणून त्याला अमेरिका, युरोप किंवा भारत यांपैकी कुठेही मान्यता नाही.

पक्षाघाताला मराठीत अर्धांगवायू, लकवा असे शब्द आहेत आणि गावाकडे आजही ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या सगळ्या शब्दांत आजार हातापायांत किंवा वाऱ्यात दिसतो, मेंदूचा उल्लेखही नसतो. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांमध्ये मेंदूकडे जाणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद झालेली असते. उरलेल्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. या नोंदीत मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

पेशी कशा मरतात

रक्त थांबले की पेशी प्राणवायूअभावी गुदमरतात, हे खरे असले तरी अपुरे आहे. रोहिणी बंद झाल्यावर जिथे रक्त जवळजवळ पोहोचतच नाही, तो गाभा काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीच्या पट्ट्याला आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण काही तास जिवंत असतात. या पट्ट्याला उपछाया म्हणतात, आणि पक्षाघातावरचे सारे तातडीचे उपचार या उपछायेसाठीच असतात. मोठी रोहिणी बंद पडलेल्या सरासरी रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

उपछायेतल्या पेशींचा घात बराचसा ग्लुटामेट करते. एरवी ग्लुटामेट हे मेंदूतले सर्वांत जास्त वापरात असलेले उत्तेजक रसायन. एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणारे. पेशीची ऊर्जा संपली की ते अनावर बाहेर सांडते. एरवी ते आत ओढून घेणारे पंपही उलटे चालू लागतात. हे ग्लुटामेट शेजारच्या पेशींवरील एनएमडीए ग्राहींना, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या एका प्रकारच्या प्रथिनांना, चिकटते. या ग्राहीच्या मार्गिकेत विश्रांतीच्या अवस्थेत मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित अणू) बुचासारखा बसलेला असतो. पेशीचा विद्युतभार ढासळला की बूच उडते आणि कॅल्शियम लोंढ्याने आत शिरते. त्यातून पेशीची स्वतःचीच विकरे तिची प्रथिने आणि पटले कुरतडू लागतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात. मेलेल्या पेशीतून आणखी ग्लुटामेट सांडते आणि हानी पुढे सरकते. या प्रकाराला अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उत्तेजनजन्य विषाक्ततेच्या अर्थाचे नाव दिले.

यावरून उपाय उघड दिसतो: एनएमडीए ग्राही बंद करा. १९८० आणि १९९० च्या दशकांत औषध कंपन्यांनी नेमके हेच केले, आणि त्यात जवळजवळ सगळ्यांचे हात पोळले. डिझोसिल्पिन हे ग्राही घट्ट बंद करणारे रसायन उंदरांत उत्तम ठरले. पण त्यानेच उंदरांच्या मेंदूतील काही पेशींत पोकळ्या पडतात, हे १९८९ मध्ये ओल्नी यांच्याच गटाने दाखवले. सेल्फोटेल आणि अॅप्टिगॅनेल ही औषधे रुग्णांपर्यंत पोहोचली, पण भास, बेचैनी, गुंगी आणि जिवाच्या धोक्याची शंका यांमुळे त्यांच्या चाचण्या आवरत्या घ्याव्या लागल्या. गॅव्हेस्टिनेल सुरक्षित ठरले, परंतु फायदा शून्य. मॅग्नेशियम तर रुग्णवाहिकेतच देऊन पाहिले. १,७०० रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले, तेही नकारात्मक. पक्षाघातावर तोवर वापरून पाहिलेल्या उपायांची एक मोजणी २००६ मध्ये झाली होती आणि ती १,०२६ वर गेली होती. उंदीर बरे करण्यात मेंदूविज्ञानाइतके यश क्वचितच कुणाला मिळाले असेल.

या अपयशांचे एक कारण ग्राहीतच आहे. शिकणे, आठवण ठेवणे, शुद्धीवर असणे या सर्वांसाठी तोच ग्राही लागतो. तो सरसकट बंद केला तर मेंदूचे रोजचे कामच थांबते.

मेमँटीन वेगळे कसे

मेमँटीनचा इतिहासच पुनर्प्रयोजनाचा आहे. १९६० च्या दशकात एलाय लिली या अमेरिकी कंपनीत ते रक्तातली साखर उतरवण्यासाठी तयार केले गेले आणि त्या कामी निरुपयोगी निघाले. पुढे जर्मनीतील मेर्झ कंपनीने ते मेंदूच्या विकारांसाठी हाती घेतले, आणि १९८० च्या दशकात ते तिथे विकलेही जाऊ लागले. ते एनएमडीए ग्राहीवर काम करते हे मात्र १९८९ च्या सुमारास कळले. म्हणजे औषध आधी बाजारात आले आणि त्याचा अर्थ नंतर लागला. युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये ते अल्झायमरसाठी मंजूर झाले. त्याचा सख्खा नातेवाईक अमँटाडीन. तेही फ्लूसाठी आले आणि एका रुग्णाच्या अनुभवावरून पार्किन्सनवर गेले. दोघांचाही सांगाडा अॅडमँटेन नावाच्या, कार्बनच्या पिंजऱ्यासारख्या रेणूचा आहे. हा रेणू १९३३ मध्ये खनिज तेलात सापडला होता.

मेमँटीन ग्राहीच्या मार्गिकेत शिरते ते ती उघडी असतानाच. म्हणजे दार जितका जास्त वेळ उघडे, तितकी त्याची अडवणूक जास्त. शिवाय त्याची पकड सैल आहे. क्षणभरासाठी दार उघडून बंद झाले, जसे शिकताना होते, तर मेमँटीन फारसे आड येत नाही आणि आले तरी पटकन बाहेर पडते. पक्षाघातात दारे तासन्तास उघडी राहतात, तिथे ते साचून राहते. बोस्टनमध्ये स्टुअर्ट लिप्टन यांच्या गटाने १९९२ मध्ये हे गणित मांडले. पुढे असेही दिसले की, मेमँटीनचा जोर चेतासंधीच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या निरोपाच्या जागेच्या, बाहेर असलेल्या ग्राहींवर जास्त पडतो. पेशीला मरणाकडे नेणारे संकेत प्रामुख्याने तिथून निघतात, तर चेतासंधीतल्या ग्राहींचे संकेत पेशीला तगवणारे असतात. डिझोसिल्पिनच्या मानाने मेमँटीन दुबळे आहे, आणि हाच दुबळेपणा इथे कामी येतो.

प्राण्यांतील पुरावे

लिप्टन यांच्या गटाच्या प्रयोगांत रक्तपुरवठा तोडल्यानंतर दोन तासांपर्यंत मेमँटीन दिले तरी उंदरांच्या मेंदूतील हानी सुमारे निम्म्याने घटली, आणि पेशींत पोकळ्याही पडल्या नाहीत. मात्र मात्रेचा प्रश्न नाजूक आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथे झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम इतक्या मात्रेने हानी घटली, तर २० मिलिग्रॅमने उलट वाढली. जास्त दिले तर जास्त फायदा, हा सोपा हिशेब इथे चालत नाही.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. थॉमस कार्मायकल आणि के. सी. ब्रेनन यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात उंदरांना मेमँटीन मुद्दाम उशिरा, म्हणजे झटक्यानंतर दोन तास उलटून गेल्यावर सुरू केले आणि चार आठवडे चालू ठेवले. मेलेल्या भागाचा आकार तसूभरही कमी झाला नाही. तरी उंदीर पंजा अधिक चांगला वापरू लागले. जखमेभोवती आधारपेशींची दाटी कमी होती, नव्या रक्तवाहिन्या जास्त होत्या आणि पेशींची वाढ पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिन वाढले होते. म्हणजे फायदा पेशी वाचवण्यातून आला नव्हता, उरलेल्या मेंदूने जुळवून घेण्यातून आला होता. माझ्या मते मेमँटीनच्या कथेचा कल इथे बदलला: पहिल्या काही तासांतला रक्षक ही त्याची भूमिका मागे पडली आणि नंतरच्या आठवड्यांतला सोबती ही भूमिका पुढे आली.

माणसांवर

या दुसऱ्या भूमिकेला आधार देणारा माणसांवरील अभ्यास त्याआधीच झाला होता. स्पेनमधील मालागा येथे मार्सेलो बर्थिए यांच्या गटाने पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या २८ जुनाट रुग्णांना रोज २० मिलिग्रॅम मेमँटीन किंवा दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी दिली. सोळा आठवड्यांनंतर त्याच्या जोडीला सघन वाचाउपचार सुरू केला. खाणाखुणा न करता बोलूनच सांगायचे, असे बंधन त्या उपचारात असते. मेमँटीन घेणाऱ्यांची भाषा अधिक सुधारली, आणि गोळी व वाचाउपचार एकत्र असताना सर्वांत जास्त. हे निकाल २००९ मध्ये आले. संख्या लहान आहे, हे विसरून चालणार नाही.

ताज्या पक्षाघातात, पहिल्याच दिवशी गोळी सुरू करण्याचे प्रयत्न मुख्यतः इराणमधील छोट्या अभ्यासांत झाले. त्यांत दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या तिप्पट मात्रा दिली गेली. पहिल्या काही दिवसांत मज्जासंस्थेच्या तपासणीचे गुण औषध घेणाऱ्यांमध्ये अधिक सुधारले. रुग्ण थोडे आणि पाठपुरावा थोड्या दिवसांचा; तीन महिन्यांनी माणूस स्वतःच्या पायांवर चालू शकतो का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

शेजारच्या आजारांतही मेमँटीन वापरून पाहिले आहे. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशावर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल २००२ मध्ये आले. बुद्धीच्या चाचणीत किंचित फायदा, रोजच्या जगण्यात फारसा नाही. संपूर्ण मेंदूला किरणोपचार घेणाऱ्या कर्करोगाच्या ५०८ रुग्णांत मात्र बौद्धिक क्षमता ढासळायला लागणारा वेळ त्याने लांबवला, जरी चाचणीचा मुख्य निकष थोडक्यात हुकला. किरणोपचारात आघात कधी होणार हे आधीच ठाऊक असते आणि गोळी वेळेवर सुरू करता येते. पक्षाघात अशी पूर्वसूचना देत नाही.

वेळेची अडचण

मेमँटीन पोटातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते, पण रक्तातली सर्वोच्च पातळी गाठायला ३ ते ८ तास लागतात. शरीरातून निम्मे बाहेर पडायला ६० ते ८० तास. अल्झायमरमध्ये ते दिवसाला ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत चौथ्या आठवड्यात २० मिलिग्रॅमवर नेतात, कारण घाई केली तर चक्कर आणि गोंधळ वाढतो. मिनिटाला १९ लाख पेशी जात असताना हे वेळापत्रक विचित्रच. त्यात पक्षाघाताच्या अनेक रुग्णांना गिळता येत नाही, म्हणजे नाकातून नळी घालणे आले. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध साचते, आणि पक्षाघाताच्या वयात मूत्रपिंड धडधाकट असतेच असे नाही.

त्यामुळे पहिल्या तासांत मदार गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येणाऱ्या, नळीने गुठळी काढण्याच्या प्रक्रियेवर आहे. इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तासांची. मेमँटीन यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही. घरात आजोबांसाठी ही गोळी आणलेली आहे म्हणून झटका आल्यावर आजीलाही देऊन पाहावी, हा विचार धोक्याचा आहे: गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात घातलेली गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते.

चाचणी कोण करणार

अमेरिकेत २०१५ पासून मेमँटीनच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, भारतात तर ते आधीपासूनच अनेक कंपन्यांचे औषध आहे. त्याची सुरक्षितता वृद्धांमध्ये वर्षानुवर्षे पारखलेली आहे, हा पुनर्प्रयोजनाचा मोठा फायदा. पण पेटंट नसलेल्या गोळीवर काही हजार रुग्णांची चाचणी करायला कंपनीला कारण उरत नाही. तो खर्च सरकारी निधीने किंवा विद्यापीठांनीच उचलावा लागतो. चाचणीशिवाय वापर सुरू होण्याची भीती भारतात काल्पनिक नाही. सिटिकोलीन या औषधाची २,२९८ रुग्णांवरील चाचणी २०१२ मध्ये निष्फळ ठरली, तरी आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ते अजून सर्रास दिसते.

गुठळी काढण्याची प्रक्रिया २०१५ नंतर रूढ झाल्यापासून चाचणीची रचना थोडी सोपी झाली आहे. उंदरांच्या प्रयोगांत रोहिणी ठरावीक वेळ बंद करून पुन्हा उघडतात. आता माणसातही ती कोणत्या क्षणी उघडली हे मिनिटासकट नोंदवले जाते. पण सोय झाली म्हणजे यश आले असे नाही. एनएमडीए ग्राहीच्या आतल्या संकेतांना अडवणारे नेरिनेटाइड अशाच १,१०५ रुग्णांत तपासले गेले आणि २०२० मध्ये एकंदर निकाल नकारात्मक आला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन न मिळालेल्या रुग्णांत मात्र फायदा दिसला, कारण त्या इंजेक्शनमुळे रक्तात तयार होणारे विकर नेरिनेटाइडचेच तुकडे करत होते. मेमँटीन नेरिनेटाइडसारखे प्रथिनाच्या घडणीचे नाही, त्यामुळे त्याला हा धोका नाही. त्याची अडचण पोटातून मेंदूपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या तासांची आहे.