इन्सुलिन गार ठेवायचं, गोठवायचं नाही

उन्हाळ्यात प्रवासाला निघताना बऱ्याच घरात हेच होतं. फ्रीजरमधला कडक झालेला आइस पॅक काढायचा, इन्सुलिन टोचायची पेनं त्याला चिकटवून पिशवीत भरायची आणि चला, काळजी मिटली. करतात ते मायेपोटीच, पण इन्सुलिनला गोठणं हे उन्हापेक्षाही वाईट. उन्हात ते हळूहळू कमजोर होतं, गोठलं तर मात्र सरळ फेकूनच द्यावं लागतं.

इन्सुलिन हे प्रोटीन आहे. 51 अमिनो आम्लांचं, 21 ची एक साखळी आणि 30 ची दुसरी, दोन्ही सल्फरच्या बंधांनी जोडलेल्या आणि मग एका ठराविक घडीत दुमडलेल्या. काम होतं ते या घडीमुळे. उष्णता वाढली की घडी सैल होते, उघडे पडलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक तंतू बनतात, गदागदा हलवलं तर हे अजून लवकर होतं. गोठताना काय होतं, तर बर्फाचे स्फटिक पाण्यातली जागा खातात आणि उरलेल्या थोड्याशा पाण्यात रेणूंची दाटी होऊन त्यांच्या गुठळ्या होतात. नंतर वितळलं तरी त्या पुन्हा सुट्या होत नाहीत, आणि कधीकधी बाहेरून काहीच दिसत नाही.

आता किती गार? न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं. वापरात असलेल्या पेनाला मात्र फ्रीज लागतच नाही, ब्रँडप्रमाणे 25 किंवा 30 अंशांपर्यंत चालतं, मुदत बहुतेकांची 28 दिवस, काहींची त्याहून कमी, काहींची जास्त, ते आपापल्या पेनाच्या माहितीपत्रकात बघायचं. थोडं गरम झालं म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत तापमान 25 ते 37 अंशांत खालीवर होतं, तेच चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे देऊन जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी इन्सुलिन तपासलं तेव्हा ताकद 1 टक्क्याहून जास्त कमी झाली नव्हती, 2021 मध्ये हा अभ्यास छापून आला. पण 37 म्हणजे 50 नाही. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी 50 च्या पुढे सहज जाते, डॅशबोर्ड तर त्याहून तापतो, म्हणून दहा मिनिटांसाठी उतरलात तरी पिशवी सोबतच घ्या.

पेनं गार ठेवायला मला सगळ्यात आवडते ती पाण्यात भिजवायची पाउच. आत कोरडे दाणे असतात, पाण्यात बुडवली की काही मिनिटांतच ते फुगून जेली होतात आणि चपटी पिशवी हातात टम्म लागायला लागते. मग पुसून घ्यायची आणि पेनं आत सरकवायची. यात बर्फ नाही, वीज नाही, घाम वाळताना अंग गार होतं तोच प्रकार. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 ज्यूल उष्णता ओढली जाते, तेवढाच बर्फ वितळताना फक्त 334. शिवाय उन्हाळ्यात ही पाउच गोठण्याइतकी गार होतच नाही, त्यामुळे ती भीतीच संपली. मात्र तिला वारा हवा. प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा सामानाच्या तळाशी कोंबली तर पाणी उडणार कसं? दमट हवेतही तिचा जोर कमी पडतो, आणि 2 ते 8 अंश ती देऊ शकत नाही, म्हणजे ती वापरातल्या पेनांसाठी, महिनोन्‌महिन्यांच्या साठ्यासाठी नाही.

साठा न्यायचाच असेल तर कूल बॉक्स घ्या, आइस पॅक कापडात गुंडाळा, पॅक आणि इन्सुलिनच्या मध्ये अजून एक थर ठेवा आणि आत छोटा थर्मामीटर टाका, अंदाजावर सोडू नका. मुक्कामाच्या छोट्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवायचं नाही. विमानात केबिन बॅगेतच, कारण सामानाच्या कक्षात गोठू शकतं आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं.

रक्तातली साखर तपासायच्या मीटरच्या स्ट्रिप्सकडे कोणी लक्षच देत नाही. त्यांच्यावर एन्झाइम असतं, ते उष्णतेने आणि ओलाव्याने खराब होतं आणि आकडा चुकीचा येतो, आणि त्याच आकड्यावर आपण डोस ठरवतो! म्हणून डबीचं झाकण घट्ट लावायचं, आणि स्ट्रिप्स त्या ओल्या पाउचमध्ये अजिबात नाहीत. मीटरही खूप तापला की एरर दाखवतो, सावलीत थोडा वेळ ठेवून परत बघायचं.

उन्हात शुगर खालीवर झाली म्हणजे इन्सुलिनच बिघडलं असंही नाही. त्वचा तापली की रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि शुगर पटकन खाली येऊ शकते. उलट पाणी कमी पडलं तर ती चढते. म्हणून गरमीत जास्त वेळा तपासायचं, गोड काहीतरी खिशात ठेवायचं.

संशय आला तर पेन उजेडात धरून बघा. स्वच्छ पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा रंग बदलला तर वापरायचं नाही. मुळात दुधाळ असणारं हातात हळू फिरवूनही एकसारखं झालं नाही, गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटलेला दिसला तर तेही बाद. दिसायला ठीक आहे पण नेहमीचा डोस घेऊनही शुगर उतरत नाहीये, तर मनाने डोस वाढवत बसू नका, नवीन पेन उघडा आणि डॉक्टरांना फोन करा. टाइप 1 मधुमेह असेल तर कीटोनही (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) लगेच तपासा, आणि उलट्या किंवा धाप असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. हे नवीन पेन हाताशी असावं म्हणून सगळा साठा एकाच पिशवीत भरू नका, थोडा सोबतच्या माणसाकडे द्या.